दस्तगीरचा बॉक्स

"मेलेला आहे हा बॉक्स," दस्तगीर म्हणाला आणि त्याने गिटारच्या तारांवर तळहात ठेवला. आवाज थांबला.

अण्णा कोपर्डे खुर्चीतून उठले. "मेलेला? मुंबईच्या हॉटेलातल्या बँडचा आहे हा. परदेशी. आत चार स्पीकर आहेत. दोघांना उचलत नाही, आणि तू म्हणतोस मेलेला?"

"वजनाला असेल जिवंत, अण्णा. मला लागत नाही."

की-बोर्डमागे बसलेला मेघश्याम हसला. अण्णा हसले नाहीत.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. कराडला अण्णांचा 'सप्तक' नावाचा ऑर्केस्ट्रा होता. गणपती, उरूस, साखर कारखान्यांचे मेळावे, सगळीकडून त्यांना बोलावणी यायची. दस्तगीर मुलाणी त्यात बेस गिटार वाजवायचा. त्याचं पाट्या रंगवायचं दुकान होतं, पण कुणी विचारलं तर तो आधी 'गिटार वाजवतो' म्हणायचा आणि मग पाट्यांचं सांगायचा. मी ऑर्केस्ट्रातला नव्हे. मी शाळेत सुतारकाम शिकवत असे. चार वर्षांपूर्वी त्याच्या स्पीकरला मी प्लायवूडचा बॉक्स करून दिला होता, तेव्हापासून तालमींना जाऊन बसायची मला सवय लागली होती.

बेस गिटारचा आवाज ज्यांनी कधी वेगळा काढून ऐकला नसेल त्यांना सांगतो. गाणं चालू असताना त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण तो बंद पडला की गाणं एकदम अधांतरी वाटू लागतं. त्याच्या चार जाड तारा खर्जात बोलतात, म्हणून स्पीकर मोठा लागतो आणि स्पीकरला बॉक्सही तेवढाच मोठा लागतो. शाळेतल्या मुलांना मी मातीचा माठ आणि पितळेची कळशी शेजारी ठेवून दोन्हींवर टिचकी मारायला लावायचो. टिचकी एकच, बोट एकच, पण आवाज दोन. बॉक्सचंही तसंच असतं. स्पीकर तोच ठेवून नुसतं लाकूड बदललं तरी आवाजाचा पोत बदलतो.

"तुला काय, सरांचाच खोका पाहिजे ना?" अण्णा म्हणाले. "एवढं काय आहे त्याच्यात?"

"त्याच्यावर बसलं की वाजवावंसं वाटतं."

ते खरं होतं. दस्तगीर नेहमी माझ्या बॉक्सवर बसून वाजवायचा. स्टेजवर बाकीचे उभे असले तरी हा बॉक्सवर बसलेला, एक पाय खाली, एक टाच बॉक्सला टेकवलेली. लोकांना ती त्याची ऐट वाटायची. मला तर तो माझ्या कामाचा मान वाटायचा.

"हे बघ," अण्णा म्हणाले, "दिवाळीनंतर मस्कतला जायचंय. तिथल्या मराठी मंडळाचे तीन कार्यक्रम आहेत. विमानातून एकच बॉक्स नेता येईल. रविवारी सकाळी दहाला दोन्ही बॉक्स इथं शेजारी शेजारी ठेवायचे. गाणं तेच, हात तुझाच. सगळे ऐकू. सरांचा चांगला वाजला तर सरांचा नेऊ, मला काही परदेशाचं कौतुक नाही. पण हा चांगला वाजला आणि तरी तू लागत नाही, लागत नाही करत बसलास, तर साताऱ्याचा जगताप तयार बसलाय. त्याला कुठलाही बॉक्स लागतो. कळलं का मर्दा?"

दस्तगीरने गिटारची वायर उपसून काढली. गिटार पुसून पिशवीत घालण्यात त्याने बराच वेळ लावला.

नवा बॉक्स आल्यापासून जुना माझ्या कार्यशाळेत येऊन पडला होता. बाहेर पडल्यावर दस्तगीर मला म्हणाला, "सर, बॉक्स तुमच्याकडेच आहे ना अजून? त्याला हात नका लावू. आहे तसाच आणा."

"अरे, एकदा उघडून बघतो. चार वर्षं टेम्पोत आदळतोय तो."

"नको. आहे तसाच आणा, सर." त्याने माझा दंड धरला होता. "तुम्हाला माहीत नाही, तो बॉक्स म्हणजे काय आहे ते."

मी घरी जाईपर्यंत त्या वाक्यावर तरंगत होतो. आयुष्यात मी शेकडो पाट, स्टुलं, वर्गातले फळे केले, पण त्यांच्याबद्दल असं कुणी म्हणालं नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा होती. सातवीच्या वर्गाला मी कार्यशाळेत आणलं आणि बॉक्स टेबलावर ठेवून त्याची गोष्ट सांगितली. स्पीकरचा कागद पुढे जातो आणि मागे जातो. पुढची हवा आपल्याला ऐकू येते. मागची हवा बॉक्सने धरून ठेवायची असते, नाहीतर पुढची आणि मागची एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून भिंती पक्क्या पाहिजेत. भिंत हलली की आवाजातली ताकद लाकूड हलवण्यातच खर्च होते. मग मी शाळेचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, तारेच्या टोकाला बोट लावून घुमारा काढला आणि मुलांना एकेक करून बॉक्सच्या चारी बाजूंना हात लावायला सांगितलं.

"सर, ही बाजू गुदगुल्या करते," एक मुलगी म्हणाली.

मी हात लावला. उजवी बाजू थरथरत होती, थोडीथोडकी नव्हे, कोपरापर्यंत कळत होतं. मला लगेच उमगलं. त्या वेळी जाड प्लाय कमी पडला होता आणि उजव्या बाजूला मी बारा मिलिमीटरचा लावला होता. दस्तगीर बसायचा तेव्हा त्याची टाच त्याच बाजूला असायची, वर मांडी. चार वर्षं तो अर्धवट काम केलेल्या बॉक्सवर वाजवत होता आणि वर माझं कौतुक करत होता. मला शरम वाटली.

"आता काय करायचं?" मी मुलांना विचारलं.

"दुरुस्त करायचं!" सगळी ओरडली.

"बरोबर. चूक सापडली की तिला रंग फासायचा नाही. उघडायचं आणि नीट करायचं."

मी बॉक्स उघडला. आतून सागवानी पट्टी आडवी घातली, डावीकडून उजवीकडे, दोन्ही भिंतींना सरस लावून आणि स्क्रू पिळून. वरच्या फळीलाही एक पट्टी दिली. भिंतींना कापसाचं अस्तर लावलं. दुपारी सरस वाळल्यावर पुन्हा घुमारा काढला आणि हात ठेवला, तर भिंत दगडासारखी. आवाज मात्र असा भरून आला की शेजारच्या वर्गात वह्या तपासत थांबलेल्या जोशीबाई बघायला आल्या. दस्तगीरला यातलं काही कळवायचं नाही असं मी ठरवलं. रविवारी ऐकेल तेव्हा त्याचा चेहरा मला बघायचा होता.

रविवारी हॉलमध्ये सगळे जमले. अण्णा, मेघश्याम, ढोलक-ड्रमवाले दोघे, गाणारी सुमती. दोन्ही बॉक्स भिंतीशी ठेवलेले. मेघश्याम एक साधं भावगीत की-बोर्डवर वाजवणार आणि दस्तगीर त्याला साथ करणार, असं ठरलं. अ‍ॅम्प्लिफायरची बटणं दस्तगीरने हवी तशी फिरवायची, म्हणजे कुठल्याच बॉक्सवर अन्याय नको.

आधी नवा बॉक्स. दस्तगीर खुर्चीवर बसून वाजवत होता. त्याची नजर सारखी मेघश्यामकडे. मेघश्यामने मान डोलावली की तो बटणावरचा हात काढायचा. आवाज स्वच्छ होता, चांगलाच होता, खोटं कशाला सांगू. पण थोडा पोकळ. संपल्यावर अण्णा म्हणाले, "बघा. ह्यात मेलेलं काय आहे?"

"आता सरांचा," मेघश्याम म्हणाला. "दस्तगीरभाई, या तुमच्या सिंहासनावर."

दस्तगीर हसला. नेहमीसारखा बॉक्सवर बसला, टाच टेकवली, आणि पहिला सूर काढला.

त्या पहिल्या मिनिटाबद्दल मी कुणाशी फारसं बोललेलो नाही. तसा आवाज त्या हॉलमध्ये कुणी ऐकला नव्हता. अण्णांनी मान वर केली. सुमतीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मी हाताची घडी घातली आणि दस्तगीरच्या चेहऱ्याकडे बघू लागलो.

त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्याने मांडी थोडी सरकवली. टाच काढून पुन्हा टेकवली, जोराने. सुरांच्या मधल्या जागेत त्याने उजवा तळहात बॉक्सच्या बाजूला लावला आणि काढला. मग माझ्याकडे बघितलं.

"सर, काय केलंत ह्याला?"

"तू वाजव," मी म्हणालो. मला हसू आवरत नव्हतं. "मग सांगतो."

त्याने बेसचं बटण फिरवलं. आवाज वाढला. त्याने पुन्हा टाच टेकवली आणि पुन्हा फिरवलं. मेघश्याम 'बास' म्हणून मान हलवत होता, पण दस्तगीर आता त्याच्याकडे बघत नव्हता. तो खाली वाकून बॉक्सकडे बघत होता, कान द्यावा तसा. वाजवणं बिनचूक होतं, एक बोट इकडचं तिकडे नाही. फक्त आवाज वाढत चालला होता. छातीत धक्के बसू लागले. टेबलावरचा पाण्याचा तांब्या सरकू लागला. हॉलच्या खिडक्यांची तावदानं खडखडायला लागली.

दस्तगीरने मान वर करून खिडकीकडे बघितलं.

"बाहेर कुणाचा ट्रक थांबलाय का?" तो म्हणाला. "काचा वाजताहेत."

मेघश्यामचे हात की-बोर्डवरून उतरले. ड्रमवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दस्तगीर वाजवतच होता. त्याने बटण आणखी थोडं पुढे नेलं आणि स्पीकरचा कागद फाटला. कापड फाडावं तसा कर्र आवाज झाला. तो मात्र त्याला ऐकू आला. तो थांबला.

"अण्णा, स्पीकर गेला वाटतं," तो म्हणाला. "सरांनी बॉक्समध्ये काहीतरी केलंय. बसला आहे आवाज. नुसता बसला आहे."

अण्णा सावकाश उठले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी की-बोर्डवर टाकला, पट्ट्या झाकल्या. "मेघश्याम, ऑर्गन लाव. डावीकडची पट्टी. खालची." मग दस्तगीरकडे वळून म्हणाले, "हा सूर ओळख रे."

"शाळा घेताय का अण्णा?" दस्तगीर हसत म्हणाला.

मेघश्यामने टॉवेलखाली पट्टी दाबली आणि दाबून धरली. जड, मऊ सूर हॉलभर पसरला. फरशीतून माझ्या पायापर्यंत येत होता.

दस्तगीर मेघश्यामकडे बघत राहिला. मग अण्णांकडे. मग पुन्हा मेघश्यामकडे.

"लाव की," तो म्हणाला.

सुमतीने तोंडाला पदर लावला.

"लाव की रे मेघश्याम."

"लावलाय, दस्तगीरभाई," मेघश्याम म्हणाला. तो रडायच्या बेतात होता. "केव्हाचा लावलाय."

दस्तगीरने गिटारचा पट्टा गळ्यातून काढला. गिटार खुर्चीला टेकवून ठेवली, सरळ उभी राहते आहे ना ते बघितलं आणि बाहेर गेला. कुणी त्याला अडवलं नाही. अण्णा खाली बसले आणि म्हणाले, "मस्कतला स्टेजवर झालं असतं म्हणजे?" थोड्या वेळाने तेच पुन्हा म्हणाले.

मी बाहेर गेलो. हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर तो बसला होता. शेजारी बसलो तर म्हणाला, "इकडे समोर बसा, सर. तोंड दिसलं की सोपं जातं."

मी एक पायरी उतरून त्याच्यासमोर बसलो.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "आधी चक्कर यायची. मिरजेला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतलं आहे, खालचे आवाज आधी जातात, मग हळूहळू सगळेच. माणसांचं बोलणं ऐकू येतं अजून. पोरांचं येतं, बायांचं तर छान येतं. पण माझ्या गिटारची जाड तार गेली. नंतर तिच्या शेजारची."

"मग वाजवत कसा होतास?"

"तुमचा बॉक्स हलायचा ना सर, उजवीकडून. मांडीला कळायचं, टाचेला कळायचं. किती जोरात आहे, तार उतरली आहे का, सगळं. सा आला की इथं." त्याने गुडघ्याच्या वर बोट ठेवलं. "पंचम इथं. सहा महिने लागले मला पाठ करायला. त्या परदेशी बॉक्सवर बसून बघितलं, तर भिंतीवर बसल्यासारखं. म्हणून म्हटलं, मेलेला आहे."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी हात लावला नसता."

"तुम्हाला खोटं कुठं जमतं? अण्णांनी एकदा रोखून बघितलं असतं की सगळं ओकला असतात तुम्ही." तो थोडं हसला. "मी काय कायमचं मागत होतो का? डॉक्टर परवा म्हणाले, बोलणं अजून वर्षभर तरी ऐकू येईल. म्हटलं तेवढं तर तेवढं. मस्कत करून आलो असतो आणि मीच सांगितलं असतं, अण्णा, आता दुकान बघतो. माझ्या तोंडाने सांगितलं असतं."

"मी पट्टी काढतो. आज काढतो. होता तसा करून देतो."

"आता काढून?" तो म्हणाला. "आता त्यांना माहीत आहे."

आणि पट्टी काही निघणारी नव्हतीच. सरस मी चांगला लावला होता. काढायला गेलो असतो तर भिंत तिच्याबरोबर आली असती.

त्याच आठवड्यात अण्णा शाळेत आले. म्हणाले, सर, झालं ते वाईट झालं, पण आवाज तुमच्याच बॉक्सचा चांगला होता, सगळ्यांचं एकमत आहे. नवा स्पीकर बसवून द्या. मी बसवून दिला. मला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणून दस्तगीरला काय मिळणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि स्क्रू पिळले. जगताप माझा बॉक्स घेऊन मस्कतला जाऊन आला. तो बॉक्सवर बसत नसे.

मार्चमध्ये मी दस्तगीरच्या दुकानात गेलो. चार महिने त्या गल्लीतून जायचं टाळत होतो. तो एका रसवंतीगृहाची पाटी रंगवत होता, उसाचं हिरवं पान अर्धं झालं होतं. मी दारात उभा राहून दोनदा हाक मारली, त्याने मान वळवली नाही. सावली पाटीवर पडली तेव्हा वळला.

"या सर. बसा." आवाज जरा मोठा निघाला त्याचा. स्वतःचा आवाज किती मोठा आहे याचा अंदाज गेला होता. "सावकाश बोला. ओठ बघतो मी."

मी तब्येतीचं विचारलं, मुलांचं विचारलं. त्याने उत्तरं दिली. कुंचला रॉकेलमध्ये बुडवून चिंधीने पुसत राहिला. मग म्हणाला, "एक विचारायचं होतं. अण्णांना विचारवेना. मेघश्याम तर मला बघून रस्ता बदलतो. त्या दिवशी तुमचा बॉक्स कसा वाजला? स्पीकर फाटायच्या आधी. पहिल्या पहिल्यांदा."

मी म्हणालो, "बरा होता."

"सर."

मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"फार चांगला वाजला," मी सावकाश म्हणालो. "धान्याने भरलेल्या पोत्यावर थाप मारावी तसा. भरीव. सूर आला की पूर्ण यायचा, आणि तू सोडलास की तिथल्या तिथे थांबायचा, मागे गुणगुण नाही. तुझं बोट तारेवर टेकतं ते सुद्धा ऐकू येत होतं. मी तुला इतका चांगला वाजवताना कधी ऐकलं नव्हतं."

"आणि तो परदेशी?"

"त्याच्यासमोर पत्र्याचा डबा."

त्याचे ओठ किंचित हलत होते, मी म्हणालो ते पुन्हा म्हणून बघत असावा.

"म्हणजे जिंकलो आपण," तो म्हणाला.

"हो."

त्याने मान हलवली, कुंचला हिरव्या रंगात बुडवला आणि पाटीकडे वळून पान पुरं करू लागला. मी उठलो. त्याच्या मागे उभा राहिलो आणि म्हणालो, "दस्तगीर, मला माफ कर."

स्पष्ट म्हणालो, वर्गात म्हणतो तसा. त्याची पाठ माझ्याकडे होती, म्हणूनच म्हणू शकलो.